सातवी पेंढी

माझ्या कुकरच्या भाताचा अजूनही लगदा होतो, आणि मी डॉक्टरेट करत होते ती भातावर. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "अगं, निदान खाऊन तरी बघितलास का त्यांचा भात?"

खाल्ला होता. क्योतोच्या विद्यापीठातून मी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या एका खेड्यात पूर्ण हंगामभर राहून आले होते. मी पुण्यात वाढलेली. आंबेमोहोर बरा की इंद्रायणी, एवढ्यावरच भांडण्याइतकी माझी शेतीची अक्कल. तिथे एका विधवा बाईच्या घरी राहत होते. तिला सगळे इबू म्हणत, म्हणजे आई, म्हणून मीही तेच म्हणे. डोंगरउतारावर तिची दोन खाचरं होती. गावात एवढी जमीन असणं म्हणजे बऱ्यापैकी असणं. निम्म्या घरांकडे तर तेवढीही नव्हती. कुणी नारळाच्या झाडावर चढून गूळ करायला नीरा काढी, कुणी कापलेल्या खाचरांत बदकं चारी, आणि ज्यांच्या घरात गुळगुळीत फरशी दिसे त्यांची मुलगी हमखास परदेशात कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करत असे. पहिल्या महिन्यातच मी फरशी बघून घराची हकिगत सांगू लागले. इबूला त्याची फार गंमत वाटे. तिच्या घरात मातीच होती.

पण माझा खरा विषय होता कापणी. त्या गावात कापणीला मजूर बोलवत नसत. भात पिवळं झालं की बायका आपणहून येत. अंबाड्यात बोटभर लांबीचं पातं खोचलेलं, पाठीला कापडाची झोळी. विळा मोठा, त्याला भाताची देवी घाबरते, म्हणून पातं तळहातात लपवायचं आणि लोंबी न् लोंबी खुडायची. अलीकडे सर्रास विळे आले होते, पण इबूच्या खाचरात म्हाताऱ्या बायका अजून पातंच वापरत. आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही, हा नियम. मग संध्याकाळी सगळ्याजणी पेंढ्या घेऊन मालकिणीच्या अंगणात बसत, आणि मालकीण स्वतःच्या हाताने वाटणी करी: सहा आपल्याकडे, सातवी कापणारीची. ह्या वाट्याला ते बावोन म्हणतात. आमच्याकडे खळ्यावर बलुतेदारांचा वाटा निघे तसंच काहीसं, फक्त इथे ना जात ना धंदा, हात लावलेला पुरे.

मी असतानाच मोटारसायकलवरून एक व्यापारी आला होता. बांधावर उभं राहून त्याने उभं पीक नजरेने मापलं. सगळंच्या सगळं तो विकत घेणार, कापायला त्याचीच माणसं आणणार, म्हणजे अंगणात बायकांची रांग नाही की वाटणीची कटकट नाही. शेजारच्या दोघांनी दिलंही. इबूने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. हिशेबाने तिचा तोटा होता. मी वही उघडून तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "तो माझ्या मयताला येणार आहे का?"

हे मी प्रबंधात जसंच्या तसं लिहिलं. सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गाईडनी, त्याखाली पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढलं. वाक्य सुंदर आहे, पण हे स्पष्टीकरण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. मी अजून चार तक्ते जोडले.

त्याच दिवसांत माझी ओळख झाली ती एका भाजीवाल्या आजोबांशी. क्योतोच्या उत्तरेला डोंगरात त्यांचं गाव, बसने तासाभरावर. दर रविवारी ते विद्यापीठाजवळच्या देवळाच्या आवारात भाजी मांडत. मी पहिल्याच दिवशी कोथिंबीर नाही म्हणून त्यांच्याशी हुज्जत घातली. पुढच्या हंगामात त्यांनी माझ्यासाठी दोन वाफे कोथिंबीर लावली, आणि तेव्हापासून मी त्यांची पाकुची-सान झाले, म्हणजे कोथिंबीरताई. मी त्यांना ओजीसान, म्हणजे आजोबा, म्हणे.

त्यांच्या मागे स्टुलावर त्यांची धाकटी बहीण बसलेली असे. ओबासान. म्हणजे मावशी. भूकंपानंतर फुकुशिमाहून आलेली. अणुभट्टी फुटली आणि तिच्या गावाला घर सोडून निघायला सांगितलं, तेव्हा ती एक पिशवी घेऊन भावाकडे आली. काही आठवड्यांचा प्रश्न आहे असं सगळ्यांनाच वाटलं होतं. ती वर्तमानपत्रात मुळे गुंडाळी, पैशाला हात लावत नसे, आणि कुणी आभार मानले की लगेच म्हणे, "माझं काही नाही हो इथे, मी पाहुणी." सत्तरी ओलांडलेली बाई इतकी वर्षं सख्ख्या भावाच्या घरी पाहुणी म्हणून राहत होती.

तिच्या गल्लीतल्या शेजारणी वेगवेगळ्या शहरांत पांगल्या होत्या. कुणी तात्पुरत्या घरात, कुणी मुलाच्या फ्लॅटमध्ये. पूर्वी शरद ऋतूत नवा तांदूळ निघाला की ती घरोघर पिशवी देई आणि तशीच पिशवी तिच्याकडेही येई. शेती सगळ्यांचीच, तांदूळ सगळ्यांकडेच. मग कशाला, असं मी विचारलंही. आणि विचारल्यावर आठवलं की आमच्या सोसायटीत दिवाळीला सगळ्यांच्याच घरी चकल्या असतात, तरी ताटं फिरतातच.

त्या वर्षी ओबासानने भावाकडे पहिल्यांदाच काही मागितलं. एक खाचर. ह्या वर्षीचा नवा तांदूळ तिला शेजारणींना पाठवायचा होता. ओजीसानची कंबर केव्हाच गेली होती. "लाव," ते म्हणाले, "पण हे शेवटचं. पुढच्या वर्षी मी शेती सोडणार." तिने रोपं लावली, निंदणी केली, पाणी राखलं. त्या उन्हाळ्यात स्टुलावरून तिने मला आपणहून दोनदा हाक मारून लोंब्या आल्याचं सांगितलं.

आणि कापणी तोंडावर आली असताना वादळ झालं. भात सगळं आडवं लोळलं. खाचरात गुडघाभर चिखल, त्यात सहकारी संस्थेचं कापणीयंत्र उतरेना. रविवारी ओजीसान म्हणाले, "जाऊ दे. हातानं कोण कापणार? सडू दे आता." मागे ओबासान वर्तमानपत्राच्या घड्या घालत होती. मला तिच्या त्या घड्या बघवेनात.

हे सगळं मी कॅन्टीनमध्ये माझ्या मैत्रिणीला तावातावाने सांगितलं. ती जावाचीच, दुसऱ्या जिल्ह्यातली. मातीवर संशोधन करायची. माझं इंडोनेशियन बरं होतं, आणि तिचं जपानी माझ्या कुकरच्या भातासारखं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी बस किती वाजता आहे? मी आमच्या इथल्या इंडोनेशियन बायकांना सांगते."

बायका म्हणजे तीन-चार, असं मी धरलं. ओजीसानना तसंच कळवलं.

शनिवारी सकाळची पहिली बस गावाच्या थांब्यावर थांबली. ओजीसान चार जोड हातमोजे घेऊन उभे होते. आम्ही उतरलो. मग आमच्या मागून बायका उतरतच राहिल्या. संशोधकांच्या बायका, जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात पार्ट-टाइम करणाऱ्या, सुट्टी काढून आलेल्या दोन शिकाऊ नर्स, पाठीला बांधलेली पोरं, डोक्यावर रुमाल, हातात भले मोठे डबे. पाऊण बस रिकामी झाली. ड्रायव्हरने आरशात बघून दार लावलं. ओजीसाननी हातातले मोजे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाकुची-सान, ह्या चौघी?"

मी मैत्रिणीला बाजूला ओढलं. "अगं, चौघी सांगितल्या होत्या मी! त्यांनी जेवणाचे चारच डबे आणलेत!"

"कापणीला येते म्हणाली तर मी कुणाला नको म्हणू?" ती म्हणाली. "नको म्हणायचं असतं का कधी?"

नसतं. ह्याच विषयावर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, तक्त्यांसकट.

विळे कमी पडले, पण बायकांनी स्वयंपाकघरातल्या कात्र्या आणल्या होत्या. मैत्रिणीने पदवीच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगलेलं आपल्या आजीचं पातं आणलं होतं. ते शोभेचं आहे असंच मी समजत होते. तिने ते तळहातात धरलं आणि चिखलात चिकटलेल्या लोंब्या उचलून खुडायला लागली. मीही विळा घेतला. चार पेंढ्यांतच माझी कंबर मोडली आणि एक बूट चिखलात राहिला. पोरं टाळ्या वाजवून हसली.

ओजीसान मात्र अस्वस्थ. इतके लोक दारी आले आणि परत द्यायला घरात काही नाही, ह्यापुढे त्यांना काही सुचेना. आपला छोटा पांढरा ट्रक काढून ते शहराकडे निघून गेले. ओबासान बांधावर एकटीच उभी होती, हात एप्रनमध्ये गुंडाळून, आपल्याच खाचरात परकी असल्यासारखी. मग एका पोरवाल्या बाईने तिला काहीतरी विचारलं. भाषा कळणं शक्यच नव्हतं. बाईने पेंढी दाखवली आणि बांधायची कशी, असा हात केला. ओबासान आधी बांधावरूनच खुणा करत होती. नंतर खाली उतरली.

दुपारी प्लॅस्टिकच्या चादरीवर पिवळा भात, तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि मिरच्यांची लाल चटणी पसरली. ओबासानने ती चटणी चमचाभर घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने आणखी घेतली.

दिवस कलताना सगळं अंगणात आलं. काळं पडलेलं, कोंब फुटलेलं बाजूला काढलं, तेव्हा जे उरलं ते फार नव्हतं. शेजारणींच्या पिशव्या जेमतेम भरतील एवढंच. तेवढ्यात ओजीसान आले. सुबक कागदात बांधलेले मिठाईचे खोके आणि टॉवेल. प्रत्येकीपुढे वाकून दोन्ही हातांनी दिले. बायकांनी वाकून घेतले, पिशवीत ठेवले आणि उभ्या राहिल्या. ओजीसान पुन्हा वाकले. त्याही पुन्हा वाकल्या. कुणी हलेना.

"काही द्यायचं राहिलं का?" ओजीसाननी मला हळूच विचारलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता.

काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी मैत्रिणीला म्हटलं, "ह्यांना निघायला सांग ना. त्या आजीला हे शेजारणींना पाठवायचंय. आधीच किती कमी आहे."

मैत्रीण माझ्यावर कधी चिडली नव्हती. तेव्हा चिडली.

"वाटा न घेता गेल्या तर ह्या कोण झाल्या? मदतीला आलेल्या. मदत तर तिला भूकंपापासून सगळेच करताहेत. ब्लँकेटं, बिस्किटं, कपडे. अजून मदत हवीय का तिला? तिचं शेत आहे, तिने वाटू दे."

शेवटचा शब्द माझा नसण्याची वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

मग मी ओबासानपाशी गेले. भावाला नाही, तिलाच सगळं सांगितलं. सहा तुमच्याकडे, सातवी तिची. वाटायचं मालकिणीने, स्वतःच्या हाताने. मालकीण हा शब्द मी मुद्दाम वापरला.

ओजीसान मधेच म्हणाले, "पण मग शेजाऱ्यांना काय पाठवणार? एवढंसं तर आहे."

ओबासानने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "वाटा घेतला, की मग काय?"

मी मैत्रिणीला विचारलं. तिला हा प्रश्नच नवलाचा वाटला. "मग काय म्हणजे? ज्यांनी वाटा घेतला त्यांनी पुढच्या कापणीला यायचं. आणि हिने त्यांना येऊ द्यायचं."

मी तेच जपानीत सांगितलं. ओबासानने भावाकडे पाहिलं. ते नजर चुकवून कंबर चोळत राहिले. मग तिने एप्रनची गाठ सोडली, झटकून पुन्हा घट्ट बांधली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन बसली.

"आमच्याकडेही असायचं," ती म्हणाली. "लावणीला मी तुझ्याकडे, कापणीला तू माझ्याकडे. यंत्रं आली आणि गेलं ते."

तिने वाटायला सुरुवात केली. सहा इकडे, एक तिकडे, अगदी काटेकोर. दोन-तीन बायका झाल्या आणि पोरवालीची पाळी आली, तेव्हा तिच्या हाताने ढिगातली सगळ्यात जाड पेंढी शोधून काढली. एका नर्सच्या हाताला विळा लागला होता, तिला दोन दिल्या. इबू अगदी असंच करायची. मोजायचं तोंडाने, द्यायचं हाताने, आणि तोंड आणि हात ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी त्या गावातही अंगणाच्या कडेला बसून ते पाहिलं होतं आणि वहीत ह्याला 'वाटणीतील अनियमितता' असं नाव दिलं होतं. तिथे मला रडू आलं नव्हतं. इथे आलं, सगळ्यांसमोर.

शेवटी तिने मला बोलावलं. मी म्हटलं, मी तर नुसती बोलायला आले होते.

"तूही कापलंस," ओबासान म्हणाली. "वाईट कापलंस. पण कापलंस."

परतीच्या बसमध्ये प्रत्येकीच्या मांडीवर एकेक पेंढी होती. पुढच्या थांब्यावर चढलेले लोक आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. त्यानंतर काही दिवस क्योतोतल्या कितीतरी बाल्कन्यांत कपड्यांशेजारी भात वाळत होतं. वाळल्यावर तेच भारे पुन्हा बसने त्याच गावी गेले, कारण भरडायचं यंत्र होतं ते ओजीसानच्याच पडवीत. माझ्या वाट्याचा तांदूळ दोन वाट्या निघाला. शिजवला. लगदाच झाला, पण सगळा संपवला.

ओबासानच्या पाच पिशव्या बांधायला मी गेले होते. त्या इतक्या लहान झाल्या की ओजीसाननी तोंड वाकडं केलं. एवढंसं पाठवतात का कुणाला, लाज वाटते, असं त्यांचं चाललं होतं.

"देवापुढे ठेवायला किती लागतो?" ती म्हणाली आणि तिने वाटणीची हकिगत लिहिलेली चिठ्ठी आत सरकवून पिशवीचं तोंड बांधलं.

हिवाळ्यात मी प्रबंधात बुडाले. बाजारात जाणं थांबलं. ओजीसान शेती सोडणार म्हणजे कोथिंबीरही गेली, हे मी मनाशी धरलंच होतं. खरं तर कोथिंबिरीचं निमित्त. ओबासान पुन्हा स्टुलावर बसून घड्या घालत असेल, ह्या विचाराने तिकडे जायचा धीरच होत नव्हता.

वसंतात एका रविवारी गेले. भाजी मांडलेली होती, पण ओजीसान नव्हते. ओबासान एकटी, स्टुलावर नाही, पुढे उभी. एका गिऱ्हाइकाला मुळ्याचे सुटे पैसे परत देत होती. माझ्या मनात नको ते आलं.

"ओजीसान कुठे आहेत? बरे आहेत ना?"

"त्याला काय धाड भरलीय? चिखलणी करतोय खाचरात. सकाळपासून कुरकुरतोय."

"पण ते तर सोडणार होते ना शेती?"

"कशी सोडेल?" तिने मला वेड्यात काढलं. "त्या बायका येणार कापायला. वाटा दिलाय त्यांना. दारात आल्यावर काय सांगू, शेत नाही म्हणून?"

मला फार आनंद झाला. मी उगीचच मुळे निवडत राहिले. ओबासानने मला न विचारताच कोथिंबिरीची मोठी जुडी वर्तमानपत्रात गुंडाळली. मग जरा थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याजवळ वाकली.

"तिकडच्या शेजारणींचा फोन आला होता. पाचही जणींचा, एकापाठोपाठ एक. कापणी कधी आहे विचारत होत्या."

"कशाला?"

"मी पण हेच विचारलं. इतक्या लांबून कशाला, म्हटलं. गाड्या बदलत, ह्या वयात." तिने जुडी माझ्या हातात दिली आणि हात तसाच धरून ठेवला. "तर म्हणतात, वाटा खाल्लाय आम्ही. मग यायला नको का?"